‘पुढे’ लिहायचं की ‘पुढचं: फोटो काढा’? मदतीच्या पानांवरच्या लिंकांची नावं

शेतकरी कंपनी असो की सेतू केंद्र, शेतकऱ्यांसाठी ऑनलाइन मदत लिहिताना मजकूर होतो, चित्रं होतात. लिंकांची नावं शेवटी कशीतरी चिकटवली जातात. इथे उदाहरणाला ई-पीक पाहणी या सरकारी ॲपची मदतीची पानं घेतली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून पेरा मोबाइलवर नोंदवायचं काम राज्यभर शेतकऱ्याकडेच आलं. मदतीचं पान उघडतं तेही वावरातच, धुऱ्यावर उभं राहून, रेंजची एखादीच काडी असताना.

आधी ‘मागे’ आणि ‘पुढे’. नुसते हे दोन शब्द ठेवणं सर्वांत सोपं. एकदा बनवले की सगळ्या पानांवर चालतात, आणि पहिल्या पानापासून ओळीने वाचत येणाऱ्याला पुरतातही. पण असं वाचतो कोण? समजा कपाशीत तुरीच्या ओळी आहेत आणि नोंद झाली निव्वळ कपाशीची. ॲपच्या २०२२ च्या आवृत्तीत अशी चूक ४८ तासांत दुरुस्त करायची सोय आली. पुतण्याने व्हॉट्सॲपवर मदतीचं पान धाडलं, काकांनी उघडलं, तर ते फोटो काढण्याचं निघालं. खाली दोन बटणं, ‘मागे’ आणि ‘पुढे’. पुढे गेल्यावर दुरुस्ती सापडेल का, हे कळायला मार्ग नाही. ‘मागे’चा घोळ त्याहून मोठा: फोनचं मागे जायचं बटण त्यांना व्हॉट्सॲपवर परत नेणार, आणि पानावरचं ‘मागे’ त्यांनी कधी पाहिलंच नाही अशा पानावर.

तिथेच ‘मागचं: पीक निवडा’ आणि ‘पुढचं: चुकलेली नोंद दुरुस्त करा’ असं असतं, तर काकांना आपण कुठे आहोत हेही कळलं असतं आणि काय दाबायचं तेही. खर्च एवढाच, की पानाचं शीर्षक बदललं की लिंकचं नावही बदलावं लागतं. शीर्षक आपोआप उचलणारी सोय तुमच्या साधनात असेल तर तोही नाही. क्रमाने करायच्या कामाला माझा कौल याच पद्धतीला. सातबारा, ८अ, फेरफार अशा एकेकट्या विषयांना मात्र ‘पुढचं’ ठेवूच नका. फेरफारानंतर ‘पुढे’ काय येणार? तिथे नुसती विषयांची नावं बरी.

‘वर’ हा शब्द मी टाळेन. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या जुन्या ‘इन्फो’ मदतीत ‘पुढे, मागे, वर’ अशी तिन्ही असत आणि ‘वर’ म्हणजे ज्या प्रकरणात हे पान बसतं ते प्रकरण. मोबाइलवर ‘वर’ दाबणाऱ्याला पानाचा माथा हवा असतो. ‘पीक पाहणी: सर्व पायऱ्या’ म्हटलं की प्रश्न मिटतो.

‘येथे क्लिक करा’ आणि ‘अधिक वाचा’ यांच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही. बोटाने कोणी क्लिकही करत नाही, दाबतात. खरी अडचण दृष्टिहीन वाचकाची. एनव्हीडीएसारखं पडदा वाचून दाखवणारं साधन पानावरच्या लिंकांची वेगळी यादी काढून देतं, आणि त्या यादीत ‘येथे क्लिक करा’ सहादा ऐकून काही उमगत नाही. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत २.४.४ हा निकष २००८ च्या आवृत्तीपासून आहे: लिंक कशासाठी आहे हे तिच्या शब्दांवरून किंवा लगतच्या मजकुरावरून कळलं पाहिजे. ही तिथली सर्वांत खालची पातळी. ‘तुरीची नोंद जोडा’ एवढं लिहिलं तरी ती गाठली जाते.

कचेरीची भाषा की गावची? कापूस विकलेला माणूस ‘देयक प्रदान स्थिती’ शोधत नाही, तो ‘चुकारा कधी जमा होईल’ हे शोधतो. म्हणून गावचे शब्द घ्या. अपवाद एकच, पण पक्का: ॲपच्या बटणावर जे छापलं आहे ते जसंच्या तसं ठेवा. ॲपमध्ये ‘खातेदार निवडा’ असेल आणि तुम्ही ‘शेतमालक निवडा’ लिहिलं, तर माणूस ते बटण शोधत बसेल.

प्रश्नाच्या रूपातली नावं इंग्रजी मदतीत जड जातात, कारण प्रत्येकाची सुरुवात सारखीच होते. आपल्याकडे ‘सातबारा कसा काढायचा?’ म्हणताना सातबारा आपसूक पुढे येतो, तेव्हा प्रश्न खुशाल वापरा. फक्त ‘कसे करावे:’ अशी शेपटी पुढून लावू नका. नुसत्या बाणाच्या किंवा घराच्या चित्रावर भिस्त नको. चित्रासोबत शब्द हवाच.

लांबीचं भय फार बाळगू नका. विषय सुरुवातीला असला की छोट्या पडद्यावर नाव कापलं गेलं तरी ‘चुकलेली नोंद…’ एवढ्यावरून काम भागतं.