भिगवणच्या फ्लेमिंगो ट्रिपच्या नावाखाली आमचे १९ हजार गेले, पैसे भरायच्या आधी हे वाचा

डिसेंबरात इन्स्टावर एक जाहिरात दिसली. भिगवण फ्लेमिंगो फोटोग्राफी, दोन दिवस, राहणं-जेवण, दोन वेळा बोट, शिकवायला सोबत माणूस, माणशी ४५०० आणि खाली ठळक अक्षरात 'फ्लेमिंगो १००% गॅरंटी'. माझा भाचा अकरावीत आहे, दोन वर्षं झाली पाषाण तलावावर जाऊन माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर बगळे नि वारकरी पक्षी टिपतोय, त्याने जाहिरात बघितली आणि मामा जाऊया ना म्हणून मागेच लागला. मी दोघांचे ९ हजार भरले. मग निघायच्या आदल्या रात्री, शुक्रवारी, त्यांचा फोन आला की लांबचे पक्षी टिपायची १५०-६०० ची मोठी लेन्स भाड्याने देतो, डिपॉझिट १० हजार, परत मिळेल. तेही यूपीआयने पाठवले. नाव पेजचं नव्हतं, भलत्याच बाईचं होतं, विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंट मॅडम. मी तिथेच थांबायला हवं होतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता, १२ जण, रोज सकाळी कुणी ना कुणी विचारायचं, गडद कपडे घालायचे का, कॅमेरा टेकवायला बीन बॅग आणायची का, त्यामुळे शंका आलीच नाही. आता वाटतं निम्मे नंबर त्यांचेच असणार.

पहाटे साडेतीनला निघालो, साडेपाचला भिगवणजवळच्या कुंभारगावात, उजनी धरणाच्या काठावर. फोन स्विच ऑफ. ग्रुप उघडला तर आम्हाला काढून टाकलेलं. भाच्याने कॅमेऱ्याच्या बॅगेत त्या मोठ्या लेन्ससाठी जागा करून ठेवली होती, तळाला स्वच्छ फडकं घडी घालून. ती बॅग मांडीवर घेऊन तो गाडीत बसून राहिला, एक शब्द बोलला नाही. पैशांपेक्षा ते जास्त लागलं मला.

बोटीवाले एक काका आले, म्हणाले, "या महिन्यात तुम्ही तिसरे बघा. अहो, उजनीचं पाणी अजून लई वर हाय, चिखल उघडा पडला न्हाई, पक्षी उतरणार कुठं?" हे अगदी खरं आहे. फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित, उथळ पाण्यात मान उलटी घालून चिखलातलं गाळून खाणारा पक्षी. पाऊस जास्त झाला की धरण भरलेलं राहतं आणि ते उशिरा येतात. जानेवारी उलटला तरी वाट बघावी लागते. रानपक्ष्याची गॅरंटी काठावरचे लोक कधीच देत नाहीत.

मग काकांनी जाहिरातीतला फोटो बघितला, झूम केला आणि म्हणाले, "ही तर घरटी हायत. हितं ह्ये घरटी न्हाई करत, ते तिकडं कच्छात." बघितलं तर खरंच, चिखलाचे बुटके ढीग आणि त्यावर बसलेले पक्षी. आपल्याकडे रोहित हिवाळ्यात नुसता खायला येतो, घरटी कच्छच्या रणात. एवढं मला माहीत होतं, पण फोटोतले पक्षी बघितले आणि खालची जमीन बघितलीच नाही.

काकांनी नेहमीच्याच दरात आम्हाला पाण्यात नेलं. चित्रबलाक मिळाले, नदी सुरय मिळाला, पट्ट कादंबांचा थवा डोक्यावरून गेला तेव्हा कुठे पोरगं हसलं.

सोमवारी 'रिफंड देतो' म्हणून एकाने क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणे. बायकोने हात धरला, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो? तेवढे वाचले. मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथे समजलं की असा फोन जितका लवकर जातो तितकी पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी अडकण्याची शक्यता. मी शनिवारी पहाटेच काठावरून केला असता तर निदान डिपॉझिट वाचलं असतं कदाचित. तक्रार नोंदवली आहे, अजून काही आलेलं नाही.

परवा तोच फोटो दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसला, आता नांदूर मध्यमेश्वरच्या ट्रिपसाठी. डाव्या कोपऱ्यात तीन चिखलाची घरटी आणि मधल्या घरट्यावरचा पक्षी मान पाठीत खुपसून बसलाय. हा फोटो दिसला तर एक रुपयाही पाठवू नका आणि पेज रिपोर्ट करा.