ड्रम अँड बेस की डबस्टेप: कोणत्या शैलीत आपली वर्षं घालावीत?

घरच्या संगणकावर ट्रॅक बनवायला लागून थोडा काळ गेला की एक प्रश्न समोर येतोच. सगळ्यातलं थोडं थोडं करत राहायचं, की एखाद्या शैलीत ठाण मांडून बसायचं? आणि ठाण मांडलं तर ती शैली दहा वर्षांनी जिवंत असेल का? भूमिगत इलेक्ट्रॉनिक संगीतात हा प्रश्न जास्तच बोचतो. इथे एखादी शैली एका शहरातल्या दोन-चार खोल्यांत जन्मते, पाच-सात वर्षांत जगभर पोचते, आणि पुढच्या पाच वर्षांत तिचं नाव घेतलं की लोक नाक मुरडतात.

अशा निवडीपाशी अडलेल्यांसाठी मी दोन शैली शेजारी शेजारी ठेवतो आहे: एकीकडे जंगल (तोडून जोडलेल्या, धावत्या ढोलांचं नाचाचं संगीत) आणि त्यातून घडलेलं ड्रम अँड बेस, दुसरीकडे डबस्टेप (खोल बेस आणि मोकळ्या जागांचं). दोन्ही लंडनच्या. दोन्ही बेकायदा रेडिओ केंद्रांवर, डबप्लेटांवर (एकेका प्रतीत कापून घेतलेल्या तबकड्यांवर) आणि छोट्या क्लबांत वाढल्या. दोन्ही संपल्याचं एकदा तरी जाहीर होऊन गेलं. तरीही त्यांच्या वाट्याला आलेलं आयुष्य अगदी वेगळं आहे. माझं मत आधीच सांगतो: ड्रम अँड बेस स्वतःच्या नावानं टिकलं ते त्याच्या वेगामुळे, आणि डबस्टेप इतरांत विरघळलं तेही त्याच्या वेगामुळेच. बाकी कारणं आहेत, पण ती याच्या मागून येतात.

वेग आणि शेजार

ड्रम अँड बेस मिनिटाला साधारण १७० ते १७६ ठोक्यांवर चालतं, आणि बहुतेकांचा कल १७४ कडे असतो. डबस्टेप १४० वर. वाचायला हा निव्वळ आकड्यांचा फरक वाटतो, पण डीजेच्या हातात तो फार मोठा होतो. १४० च्या आसपास वस्ती दाट आहे. ग्राइम हे लंडनचं रॅप तिथेच, अर्ध्या ठेक्यातला (म्हणजे निम्म्या वेगाचा भासणारा) ट्रॅप तिथेच, वेगवान टेक्नोही हाकेच्या अंतरावर. डबस्टेप वाजवणारा डीजे दोन मिक्समध्ये यातल्या कुठल्याही घरात शिरू शकतो, आणि कंटाळा आला तर परत न येण्याचीही मोकळीक त्याला असते. १७४ वर असा शेजार नाही. हाऊस या क्लब-शैलीच्या १२५ वरून तिथे सरकत सरकत जाता येत नाही, उडीच मारावी लागते. म्हणून ड्रम अँड बेसच्या रात्री वेगळ्या, डीजे वेगळे, लेबलं वेगळी, श्रोतेही बरेचसे वेगळे.

या एकटेपणाचा तोटा झालाच. १९९५ मध्ये गोल्डीचा ‘टाइमलेस’ हा अल्बम आला, १९९७ मध्ये रोनी साइझ आणि रेप्राझेंटच्या ‘न्यू फॉर्म्स’ला मर्क्युरी हा ब्रिटनचा अल्बम-पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर काही वर्षांतच लंडनच्या तरुण श्रोत्यांचा मोठा भाग यूके गराज या दुसऱ्या नाच-शैलीकडे वळला. मागे राहिलेलं संगीत जास्त कठोर, जास्त काळोखं होत गेलं. पण बाहेर जायला दार नसल्यामुळे जे काही बदलायचं ते आतच बदलावं लागलं. एलटीजे बुकेमचा तरल सूर, टेकस्टेपची यांत्रिक धार, न्यूरोफंकचे पिळलेले बेस, लिक्विडचं सोल संगीताकडे वळणं, जंप-अपचा राकटपणा: यातला कुठलाही ट्रॅक दुसऱ्या कुठल्याही ट्रॅकशी थेट मिक्स होतो. एका सेटमध्ये १९९४ आणि २०२४ शेजारी वाजू शकतात, फार तर पिच (वाजण्याचा वेग) थोडा वर-खाली करावा लागतो. जुनं संगीत संग्रहालयात जात नाही, ते चालत्या सेटमध्ये राहतं. टिकण्याचं याहून भक्कम यंत्र मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. १७४ चं अर्ध ८७. ढोल धावत असताना गायिका ८७ च्या निवांत चालीवर गाऊ शकते, रॅप करणारा श्वास घेऊ शकतो. लोकप्रिय संगीताला या शैलीत पुन्हा पुन्हा यायला हीच फट सापडली. डीजे फ्रेशचं ‘हॉट राइट नाऊ’ २०१२ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, ड्रम अँड बेसच्या बाबतीत प्रथमच. २०२४ मध्ये चेस अँड स्टेटस आणि स्टॉर्मझी यांचं ‘बॅकबोन’ही तिथेच पोचलं. दोन्ही लाटांच्या मधल्या काळात ही शैली क्लबांमध्ये काम करतच होती.

सात सेकंद आणि सात मीटर

निवड करायची तर रोजचं काम कसलं असतं ते बघायला हवं.

जंगलच्या मुळाशी ‘अमेन ब्रेक’ आहे. द विन्स्टन्स या मंडळींच्या १९६९ च्या ‘अमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमन यांनी एकट्यानं वाजवलेला चार बारचा (एक बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन) तुकडा, जेमतेम सात सेकंदांचा. पहिले दोन बार सरळ जातात. तिसऱ्यात एक स्नेअर (ढोलाचा कडक, तडतडता ठोका) मुद्दाम उशिरा पडतो. चौथ्यात पहिला ठोका रिकामा सुटतो आणि झांज अपेक्षेच्या आधी कडाडते. मूळ वेग १३७ च्या आसपास. तो सॅम्पलरवर (आवाजाचा तुकडा साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर) १६५ च्या पुढे ओढला की सूरही चढतो, स्नेअर पातळ आणि धारदार होतो. सूर न चढवता नुसता वेळ ताणला तर त्या काळच्या अकाई सॅम्पलरमधून एक धातूसारखी खरखर उमटायची, आणि निर्मात्यांनी तीच खरखर वापरायला घेतली. मग तुकड्याचे तुकडे: किक (जड ठोका) वेगळी, स्नेअर वेगळा, मधले हलके ठोके वेगळे, प्रत्येक एकेका कळीवर, आणि त्यांची नवी मांडणी. उशिरा पडणारा तो एक स्नेअर कुठे ठेवायचा यावर अख्खी रात्र जाऊ शकते, आणि ती रात्र वाया जात नाही. या सात सेकंदांवर हजारो ट्रॅक उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये गेले, आणि त्यांना त्याचं मानधन मिळालं नाही. या शैलीवर प्रेम करणाऱ्यानं हे ठाऊक ठेवलं पाहिजे.

डबस्टेपचं काम उलट्या बाजूनं चालतं. १४० वर एका बारला सुमारे १.७ सेकंद लागतात, आणि अर्ध्या ठेक्यात स्नेअर बारमध्ये एकदाच पडतो, तिसऱ्या ठोक्यावर. दोन स्नेअरच्या मधली ती पावणेदोन सेकंदांची जागा हीच खरी रचना. तिथे काय ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे काय ठेवायचं नाही. तिथे सब-बेस येतो, ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यातला. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची हवेतली लांबी जवळजवळ सात मीटर भरते. ती फोनच्या स्पीकरमधून निघतच नाही, आणि साध्या हेडफोनवर तिचा नुसता अंदाज येतो. ती अंगावर घ्यायला मोठी साउंड सिस्टिम लागते.

म्हणूनच डबस्टेपचा सुरुवातीचा सगळा इतिहास ठरावीक खोल्यांचा आहे. क्रॉयडनमधलं बिग ॲपल हे रेकॉर्डचं दुकान, जिथे स्क्रीम, बेंगा, हॅचा ही पोरं जमायची. २००१ मध्ये सुरू झालेली फॉरवर्ड ही रात्र, जी पुढे शोरडिचच्या छोट्याशा, काळोख्या प्लास्टिक पीपल या क्लबमध्ये स्थिरावली. २००५ मध्ये ब्रिक्स्टनमध्ये सुरू झालेली डीएमझेड ही रात्र, माला, कोकी आणि लोफा या निर्मात्यांची. आठवड्यात बनलेला ट्रॅक डबप्लेटवर कापून घ्यायचा, त्या रात्री वाजवायचा, बेस खोलीत कसा बसतो ते ऐकायचं, आणि घरी जाऊन दुरुस्त करायचा. डबप्लेट थोड्याच वेळा वाजवल्यावर झिजते, त्यामुळे नवं बनवत राहणं भागच होतं. शैली वाढते ती अशा चाचणीतून. ड्रम अँड बेसमध्येही हेच घडलं होतं: हेवन या क्लबमधल्या रेज रात्री डीजे फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर, नंतर ब्लू नोट क्लबमधल्या मेटलहेड्झ लेबलच्या रविवारच्या रात्री.

प्रसिद्धी आली तेव्हा

जानेवारी २००६ मध्ये निवेदिका मेरी ॲन हॉब्ज यांनी बीबीसी रेडिओ १ वर डबस्टेपच्या मंडळींना एकत्र आणलं. त्याच वर्षी बरियल या निर्मात्याचा पहिला अल्बम आला, पुढच्या वर्षी ‘अनट्रू’. इथवर शैली रुंद होत होती. मग ती खोल्यांबाहेर पडली आणि लॅपटॉपवर ऐकली जाऊ लागली. लॅपटॉपवर सब-बेस ऐकूच येत नाही, त्यामुळे ऐकू येणाऱ्या मधल्या पट्ट्यातला, गुरगुरणारा बेस पुढे सरकला. अमेरिकेत स्क्रिलेक्सनं २०१० मध्ये त्याला टोकाला नेलं आणि २०१२ मध्ये तीन ग्रॅमी मिळवले. अनेक जुने श्रोते त्याला दोष देतात. मला ते पटत नाही. ऐकण्याचं साधन बदललं की संगीत बदलणारच होतं, आणि त्याची ध्वनिरचना कसबी आहे. अडचण दुसरीच होती: लाट ओसरल्यावर जुन्या मंडळींना शेजारची दारं उघडी होती. स्क्रीम हाऊस-टेक्नोकडे गेला. हेसल ऑडिओसारखी लेबलं टेक्नोच्या जवळ सरकली. जेम्स ब्लेकनं गाणं आणि पियानो पुढे आणला. अर्ध्या ठेक्याची भूक ट्रॅपनं भागवली. नाव एकटं पडलं.

मग डबस्टेप मेलं का? नाही. त्याची दोन घराणी झाली आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध उरला नाही. अमेरिकेत ते मोठ्या मैदानांवर आहे. ओहायोतला लॉस्ट लँड्स हा महोत्सव २०१७ पासून त्याच जोरावर भरतो. आणि खोल, शांत धाटणीचं डबस्टेप आता बऱ्याचदा नुसतं ‘१४०’ म्हणून ओळखलं जातं. मालाचं डीप मेडी हे लेबल २००६ पासून ते चालवतं आहे. बीटपोर्ट या ट्रॅक विकणाऱ्या संकेतस्थळानंही १४०, डीप डबस्टेप आणि ग्राइम यांना एका वर्गात बसवलं. शैलीनं नाव सोडून वेगाचा आकडा घेतला, यातच सगळं आलं.

माझ्या म्हणण्याला एक आडवा दाखला आहे, तोही मांडायला हवा. रॉटरडॅमचं गॅबर (कठोर, वेगवान टेक्नो) ड्रम अँड बेसपेक्षाही एकाकी वेगाचं, पण १९९० च्या दशकाच्या मध्यात ते हॉलंडभर वेड बनलं, त्याची टिंगल सुरू झाली आणि दशक संपता संपता ते कोसळलं. म्हणजे एकाकी वेग पडझड थांबवत नाही. पण परत आलं तेव्हा ते गॅबर म्हणूनच आलं, त्याच ठोक्यानं. शिकागोचं फुटवर्क (पायांच्या झपाट्याच्या नाचाचं संगीत) १६० चं, आणि त्याला जंगलचा शेजार लाभला. २०१० नंतर दोघांची सरमिसळ इतकी झाली की काही ट्रॅक कुठल्या पेटीत ठेवायचे ते कळत नाही. फुटवर्कचा कणा मात्र नाचणारे आहेत, आणि त्यातला निर्माता डीजे रशाद २०१४ मध्ये अकाली गेल्यावरही ते थांबलं नाही.

तर निवड

कामाच्या संधी बघायच्या तर ड्रम अँड बेस सरस आहे, यात मला शंका नाही. रॅम (१९९२), व्ही (१९९३), मेटलहेड्झ (१९९४), हॉस्पिटल (१९९६) ही लेबलं अजून उभी आहेत, चेक प्रजासत्ताकात लेट इट रोलसारखा या एकाच शैलीचा मोठा महोत्सव भरतो, आणि निया आर्काइव्ह्जसारख्या निर्मात्यांमुळे जंगलला पुन्हा तरुण श्रोते मिळाले आहेत. पण उंबरठा उंच आहे. तुमचे ढोल आणि मिक्सची ताकद दुसऱ्या ट्रॅकच्या शेजारी लगेच उघडी पडते, कारण डीजे झपाझप मिक्स करतात. साचाही घट्ट आहे: तीच प्रस्तावना, तोच ड्रॉप (ढोल-बेस एकदम कोसळतात तो क्षण), तीच लांबी. यातलं पुष्कळसं संगीत मला एकसुरी वाटतं, आणि त्या एकसुरात तुमचं वेगळेपण ऐकू यायला वेळ लागतो.

१४० मध्ये पैसा कमी आहे, खोल्या लहान आहेत. पण बंधनंही कमी आहेत. संथ, जवळजवळ निःशब्द ट्रॅक घेऊन गेलात तरी ऐकणारे कान तिथे आहेत, आणि उद्या तुमची आवड टेक्नोकडे किंवा ग्राइमकडे झुकली तर इथे शिकलेलं सगळं सोबत येतं. सब-बेस नीट ऐकवणारी जागा मात्र आधी शोधा. ती नसेल तर तुम्ही अंधारात नेम धराल.

गायिका किंवा रॅपर सोबत असतील, ढोल कापण्यात तासन्‌तास रमत असाल, आणि एका नावाखाली दहा वर्षं उभं राहायचं असेल, तर १७४ वर जा. एकट्यानं काम करत असाल आणि शैलीच्या नावापेक्षा आवाजाचा पोत तुम्हाला जवळचा असेल, तर १४० घ्या. दोन्हींत जीव अडकला असेल तर सुरुवात १४० पासून करा. चार-पाच घटकांत ट्रॅक उभा करताना प्रत्येक आवाजाची जबाबदारी कळते, आणि तो कान घेऊन १७४ वर जाता येतं. भरगच्च ढोलांची सवय लागल्यावर उलट दिशेनं येणाऱ्यांना ती पावणेदोन सेकंदांची जागा मोकळी सोडणं फार जड जातं.