द्रवाचा तक्ता कुलपात का? वन्यजीव पुनर्वसन कोर्स आणि सदस्यत्व, वर्षभर वापरल्यावर

वन्यजीव पुनर्वसन म्हणजे जखमी-आजारी वन्यप्राण्यांवर उपचार करून त्यांना पुन्हा मोकळं सोडणं. ते शिकवणाऱ्या एका संस्थेची मी वर्षभर सदस्य होते. सदस्यत्व संपत असल्याचं स्मरणपत्र सकाळी आलं आणि त्याच रात्री बारा वाजता संस्थेचं ऑनलाइन ग्रंथालय माझ्यासाठी बंद झालं. मध्ये एका दिवसाचीही मुदत नाही. पुन्हा पैसे भरायचे की नाहीत हे ठरवण्याआधी वर्षभरात काय हाती लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण हीच फी भरायच्या विचारात असतील. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. मूलभूत कोर्स, परीक्षा, प्रमाणपत्र, मग सदस्यत्व, वेबिनार आणि सदस्यांची ऑनलाइन केस-चर्चा ही रचना सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असते.

आधी कोर्सबद्दल. पहिला भाग उत्तम आहे, अगदी मनापासून सांगते. जखमी पक्षी आला की आपले हात शिवशिवतात. पाणी पाजावं, काहीतरी खायला घालावं असं वाटतं. कोर्सने ही सवय मोडली. आधी लांबून बघा, मग हात लावा. ऊब, अंधार, शांतता. ऊब आल्यावर द्रव, आणि द्रव अंगी लागल्यावर अन्न. हा क्रम का, हेही नीट समजावलं आहे. थंड पडलेल्या शरीरात दिलेला द्रव धड शोषला जात नाही. मान धरता न येणाऱ्या पक्ष्याच्या चोचीत पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. बरेच दिवस उपाशी असलेल्या प्राण्याला एकदम भरपेट अन्न दिलं तर इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि प्राणी भरल्या पोटी मरतो. दयेपोटी भरवलेले किती जीव असे गेले असतील, या विचाराने तो पाठ संपल्यावरही मी बराच वेळ अस्वस्थ होते.

कॅप्चर मायोपथीवरचा पाठही तसाच मोलाचा. पकडताना झालेली धावपळ आणि भीती यांमुळे स्नायूंचं विघटन होतं आणि प्राणी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दगावतो. हरणं आणि लांब पायांचे पक्षी याला फार लवकर बळी पडतात. सुटका करणाऱ्याला वाटतं आपण वाचवलं, आणि केंद्रातल्या माणसाला वाटतं आपल्याकडे आल्यावर मेला. पकडण्याची पद्धत हाच उपचाराचा पहिला भाग आहे, हे इतक्या स्पष्टपणे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. द्रवाचा तक्ता.

कोर्समध्ये निर्जलीकरणाचं गणित शिकवतात. समजा २०० ग्रॅमचा पक्षी आहे आणि निर्जलीकरण १० टक्के धरलं, तर तूट २० मिलि. रोजची गरज किलोमागे साधारण ५० मिलि, म्हणजे या पक्ष्याला १० मिलि. तुटीतला अर्धा भाग पहिल्या दिवशी आणि उरलेला पुढच्या दोन दिवसांत निम्मा-निम्मा भरायचा. म्हणजे रोजची गरज धरून पहिल्या दिवशी २० मिलि, नंतर दोन दिवस १५-१५. द्रव कोमट हवा. एका वेळी नळीने किती द्यायचं याची मर्यादा वेगळी, ती वजनाच्या सुमारे ५ टक्के, आणि अशक्त पक्ष्यात सुरुवात त्याहून बरीच कमी. ही आकडेमोड दिवसा, टेबलाशी बसून कुणालाही जमेल. पण पाकोळी (स्विफ्ट पक्षी) ४० ग्रॅमची असते आणि घार त्याच्या पंधरा-वीस पट. दशांश चिन्ह एक घर सरकलं की एक तर द्रव पुरत नाही किंवा फुफ्फुसात पाणी होतं. म्हणून संस्थेने वजनानुसार तयार तक्ता केला आहे: वजन बघा, ओळीवर बोट ठेवा, आकडा वाचा. सोबत प्राण्याच्या गटानुसार सूचनाही आहेत. अख्ख्या कोर्समधली सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती विचाराल तर हीच.

आणि नेमकी हीच वस्तू त्यांनी कुलपात ठेवली आहे. तक्ता डाउनलोड होत नाही आणि छापताही येत नाही. फोनवर उघडला तर अक्षरं बारीक दिसतात, मोठी करायला गेलं की डावीकडचा वजनाचा रकाना पडद्याबाहेर जातो. पंधरा मिनिटं स्पर्श झाला नाही की लॉगिन सुटतं, मग पुन्हा पासवर्ड, पुन्हा ईमेलवर आलेला कोड. प्राणी हाताळताना आपण हातमोजे घालून असतो. एका हातात टॉवेलात गुंडाळलेला पक्षी, दुसऱ्या हाताने ईमेल उघडून कोड शोधायचा. त्या हातमोज्यांवर काय लागलेलं असतं हे याच कोर्सच्या स्वच्छतेच्या पाठात शिकवतात, आणि त्याच हाताने फोन घेऊ नका असंही बजावतात. म्हणजे तक्ता वाचायचा तर पक्षी खाली ठेवा, हातमोजे काढा, कोड टाका, आकडा पाठ करा, नवे हातमोजे घाला, पक्षी पुन्हा पकडा. हाताळणी कमीत कमी ठेवा हे सूत्र मग कुठे राहिलं?

मी मदत कक्षाला लिहिलं. उत्तर आलं की साहित्याचे हक्क जपण्यासाठी ही व्यवस्था आहे. मी पुन्हा लिहिलं की व्हिडिओ जपा, पाठ जपा, प्रश्नपेढी जपा, एका पानाचा तक्ता तेवढा छापू द्या. तेच उत्तर शब्दशः परत आलं. तिसऱ्यांदा सविस्तर पत्र लिहिलं, टेबलावर प्रत्यक्षात काय होतं ते एकेक करून मांडलं. त्यावर समाधान-सर्वेक्षण भरायची विनंती आली. एका तक्त्यावर इतका राग कशाला, असं कुणाला वाटेल. पण रात्री-अपरात्री एकट्याने केंद्र सांभाळणाऱ्या माणसासाठी हे प्रशिक्षण आहे ना? मग ते त्या माणसाच्या भिंतीवर लटकलेलं हवं.

शेवटी मी गणिताचं सूत्र वापरून स्वतः तक्ता तयार केला, ओळखीच्या पशुवैद्याकडून तपासून घेतला आणि लॅमिनेट करून वजनकाट्याच्या वर लावला. सूत्र कुणाच्या मालकीचं नाही. तुम्हीही करा, फक्त पशुवैद्याच्या नजरेखालून घातल्याशिवाय वापरू नका.

बाकी तक्रारी त्यामानाने लहान आहेत. रेबीजच्या पाठात संसर्गापूर्वीच्या लसीचं जुनं तीन डोसचं वेळापत्रकच दिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ते दोन डोसवर आणलं, एक डोस आणि त्यानंतर सात दिवसांनी दुसरा. देशोदेशींच्या सूचना वेगळ्या असू शकतात हे खरं, पण निदान बदल नोंदवायला हवा होता. लस घेतलेल्यालाही चावा बसला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुणं आणि पुढचे डोस चुकत नाहीत, हे मात्र त्यात ठळक आहे आणि ते बरं झालं. बर्ड फ्लूचा पाठ २०२१ नंतरच्या एच५एन१च्या पसाऱ्याआधीचा आहे. आजारी पक्षी खाऊन शिकारी पक्ष्यांना लागण होते, त्यामुळे घार किंवा घुबड दाखल करून घेताना विलगीकरण कसं करायचं यावर त्यात जवळजवळ काहीच नाही.

सदस्यांच्या नेटवर्कबद्दल माझं मत वर्षाच्या मध्यावर पालटलं. सुरुवातीला केस-चर्चेत मला फक्त रिलीजचे फोटो दिसायचे. पेटी उघडली, पक्षी उडाला, खाली टाळ्या. त्यातून शिकायला काही मिळत नव्हतं आणि मी तिकडे जाणं सोडलं होतं. मग माझ्याकडे पाकोळीचं पिल्लू आलं. संस्थेच्या पाठात कीटकभक्षी पक्ष्यांसाठी पर्यायी आहार म्हणून मांजरीचं डबाबंद खाद्य सुचवलेलं होतं. खात्री करून घ्यावी म्हणून मी चर्चेत प्रश्न टाकला, आणि दूरच्या देशातल्या, वर्षानुवर्षं फक्त पाकोळ्याच सांभाळणाऱ्या एका बाईंनी तासाभरात उत्तर दिलं: अजिबात देऊ नका, फक्त कीटक.

त्यांनी कारणही सांगितलं. बहुतेक पक्ष्यांना सोडल्यावर फांदीवर बसून उडण्याचा सराव करता येतो. पाकोळीला ती सोय नाही. ती घरट्यातून निघते ती थेट हवेत, आणि युरोपातल्या पाकोळ्यांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश अभ्यासानुसार काही पक्षी सलग दहा महिने न टेकता हवेत राहतात. चुकीच्या आहारावर वाढलेली पिसं ठिसूळ होतात. पिंजऱ्यात पिल्लू गुबगुबीत दिसतं, वजन छान भरतं, आणि सोडल्यावर पिसं मोडून ते कुठेतरी जमिनीवर पडतं. जमिनीवरून त्याला सहसा पुन्हा उठता येत नाही. हे आपल्याला कधीच कळत नाही, कारण आपण रिलीजचा फोटो काढून परत आलेले असतो. बाईंनी स्वतःच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मोडक्या पिसांचे फोटो पाठवले, तारखा आणि आहारासकट. पुढचे बरेच दिवस त्या माझ्याकडून रोजचं वजन आणि पंखाची लांबी मागवत राहिल्या. त्यांना याचे पैसे मिळत नाहीत.

त्यानंतर मी चर्चेतले फोटो सोडून मृत्यूंच्या नोंदी शोधायला लागले. त्या आहेत, पण खाली, कमी प्रतिसादांच्या धाग्यांत. निव्वळ मांसावर वाढवलेल्या शिकारी पिल्लांची वाकलेली हाडं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. आजारी कबुतर खाल्ल्याने घुबडाच्या घशात झालेला ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग. एकट्याने वाढवल्यामुळे माणसालाच आपल्या जातीचा समजू लागलेलं, कधीच सोडता न आलेलं घुबड. हे लिहायला धैर्य लागतं आणि लिहिणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. कोर्सच्या कुठल्याही पाठापेक्षा मी या धाग्यांतून जास्त शिकले. दयामरणावरचा वेबिनारही मी आधी पुढे ढकलत होते. प्रत्यक्षात तो सगळ्यात प्रामाणिक निघाला. कुठल्या जखमेत थांबायचं, ते कुणी ठरवायचं आणि ठरवणाऱ्या माणसाकडे नंतर कुणी बघायचं, या तिन्हीवर त्यात पुरेसा वेळ दिला आहे.

पर्याय शोधणाऱ्यांसाठी थोडंसं. या क्षेत्रातल्या जुन्या संस्थांपैकी इंटरनॅशनल वाइल्डलाइफ रीहॅबिलिटेशन काउन्सिल १९७२ मधली आणि अमेरिकेची नॅशनल वाइल्डलाइफ रीहॅबिलिटेटर्स असोसिएशन १९८२ मधली. पिंजऱ्यांचे आकार, स्वच्छता, नोंदी यांची किमान मानकं या दोघींनी मिळून ठरवली आहेत आणि कुठलाही कोर्स घेण्याआधी ती वाचावीत. पहिल्या संस्थेचं प्रमाणपत्रही परीक्षा देऊन मिळतं आणि पुढचं शिक्षण चालू ठेवून ते टिकवावं लागतं. रुग्णनोंदींसाठी वाइल्डलाइफ रीहॅबिलिटेशन एमडी ही ऑनलाइन प्रणाली मोफत आहे. वह्या सांभाळण्यापेक्षा ती वापरा. आणि कुठलंही प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. वन्यप्राणी ताब्यात ठेवायला स्थानिक कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच, हे आमच्या कोर्सच्या जाहिरातीत पुरेसं स्पष्ट लिहिलेलं नाही.

अपडेट: हे अर्धं लिहून ठेवलं होतं तेवढ्यात संस्थेच्या प्रशिक्षण विभागातून फोन आला. मदत कक्षातून माझं तिसरं पत्र कुणीतरी पुढे पाठवलं होतं. बोलणारी व्यक्ती स्वतः अनेक वर्षं केंद्रात काम केलेली होती, आणि हातमोज्यांचा मुद्दा तिला समजावून सांगावा लागला नाही. तक्ता एका पानावर छापता येईल असा देण्याचं त्यांनी मान्य केलं आहे, परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी, सदस्यत्व चालू असो वा नसो. रेबीजचा पाठही बदलतो आहोत असं म्हणाले. पान अजून हातात आलेलं नाही, त्यामुळे वरचा मजकूर तसाच ठेवते आहे. आलं की इथे लिहीन.

निर्णय असा केला आहे: कोर्स एकदा जरूर करावा, पहिल्या भागासाठी तरी. ग्रंथालयाचं वार्षिक सदस्यत्व मी पुन्हा घेत नाही, कारण त्यातलं बहुतेक एकदा बघून होतं आणि जे रोज लागतं ते भिंतीवर आहे. पण केस-चर्चेचं सदस्यत्व घेतलं. ते वेगळं मिळतं आणि बरंच स्वस्त पडतं. नूतनीकरणाच्या अर्जात पूर्ण पॅकेज आधीच निवडलेलं येतं. ती खूण काढली की खाली 'फक्त चर्चा आणि मार्गदर्शक' असा पर्याय दिसतो. मार्गदर्शक निवडताना नावापुढे प्राण्यांचा गट लिहिलेला असतो तो नीट बघा. सगळ्या गटांचे मार्गदर्शक सारखे उत्तर देत नाहीत. पाकोळ्या आणि वटवाघळांचे सगळ्यात तत्पर आहेत, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागात मात्र उत्तरासाठी आठवडाभर थांबावं लागतं.