वर्डप्रेसवर १४ महिने: आमच्या रोपवाटिकेचा अनुभव

आमची रोपवाटिका उरुळी कांचनजवळ. केसर आंब्याची कलमं, सीताफळ, पेरू, नारळ आणि थोडी शोभेची झाडं. वेबसाइट आधीही होती, पण ओळखीच्या एका मुलाने साध्या एचटीएमएलमध्ये करून दिलेली. भाव बदलला की त्याला फोन करायचा, मग त्याच्या सवडीने बदल, आणि दर बदलाचे ३०० रुपये. पावसाला सुरुवात झाली की कलमांचा साठा आठवड्याला पालटतो. साइटवर मात्र मार्चचेच भाव. सोलापूरकडचे एक शेतकरी टेम्पो घेऊन २०० केसर न्यायला आले आणि मोबाइलवर आमचाच जुना भाव दाखवला. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शब्द जाऊ नये म्हणून त्याच भावाने कलमं दिली. वर मला म्हणाले, "अगं, पाटीवर लिहिलेलं पुसता येतं, मग हे का नाही पुसता येत?"

म्हणून वर्डप्रेस, म्हणजे आपली वेबसाइट आपणच बनवायचं आणि बदलायचं सॉफ्टवेअर. २००३ पासून आहे, मुक्त स्रोत (कुणालाही वापरता-बदलता येणारं) आहे आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. त्यामुळे आपली अडचण आधी कुणाला तरी आलेलीच असते, शोधलं की उत्तर सापडतं. वर्डप्रेसला पैसे पडत नाहीत. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि डोमेन (साइटचं नाव) यांचे मिळून आम्हाला वर्षाला साडेपाच हजार गेले. उभारणी मात्र एकाला पैसे देऊन करून घेतली.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला म्हणाल तर भावपत्रकाचा. ते एकदाच बनवून 'सिंक्ड पॅटर्न' म्हणून ठेवलंय. एका जागी आकडा बदलला की ते जिथे जिथे लावलंय त्या सगळ्या पानांवर बदलतो. सकाळी चहा होईपर्यंत काम उरकतं. दुसरं म्हणजे मजकूर वेगळा आणि साइटचं रूप वेगळं. मी दोनदा थीम, म्हणजे हे रूप, बदलली. मुखपृष्ठाची मांडणी थोडी विस्कटली, ती नीट करावी लागली, पण एकाही झाडाची माहिती परत टाइप करावी लागली नाही. चुकून काही खोडलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. पुतण्याने एकदा नारळाचं अख्खं पान कचऱ्यात टाकलं होतं. तिथे ते ३० दिवस राहतं म्हणून मिळालं.

त्या पुतण्याला मी आधी 'कॉन्ट्रिब्युटर' केलं होतं, म्हणजे त्याने लिहायचं आणि मी तपासून प्रसिद्ध करायचं. पण त्या भूमिकेत फोटो चढवता येत नाहीत, आणि फोटोशिवाय रोपवाटिकेचं पान म्हणजे मीठ नसलेली आमटी. शेवटी त्याला 'ऑथर' केलं, म्हणजे फोटो चढवायचे आणि प्रसिद्धही त्यानेच करायचं.

आता त्रास. साइटचा टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, करायला विसरले होते. सकाळी ७ ला लावलेली पोस्ट दुपारी साडेबाराला दिसायची, आणि मी उगाच नेटला शिव्या देत होते. मराठी मथळ्यांचं दुखणं वेगळंच. पानाचा पत्ता मथळ्यावरून आपोआप बनतो आणि त्यातलं प्रत्येक मराठी अक्षर, प्रत्येक काना-मात्रासुद्धा, आत नऊ चिन्हांचं होतं. मर्यादा २०० चिन्हांची, त्यामुळे मथळा जरा लांबला की पत्ता मधेच तुटतो. वर व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची भलीमोठी माळ दिसते. आता मी पत्ता हाताने छोट्या रोमन अक्षरांत देते. मराठीत मेनू मिळतात, पण मी परत इंग्रजीवर गेले, कारण मदतीचे व्हिडिओ बघताना कुठलं बटण कुठे आहे ते जुळेना.

खरा दणका बसला ऐन जुलैत. फोटो दाखवणारं एक प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायची जादा सोय) अपडेट केलं आणि साइटच बंद. पानावर फक्त गंभीर बिघाड झाल्याची एक ओळ. अशा वेळी वर्डप्रेस प्रशासकाच्या ईमेलवर एक दुवा पाठवतं, त्यातून आत शिरून बिघडलेलं प्लगइन बंद करता येतं. २०१९ पासून ही सोय आहे. पण तो ईमेल होता साइट उभारून देणाऱ्याचा! त्याने स्वतःचाच पत्ता टाकून ठेवलेला, मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि तो गावी लग्नाला गेलेला, फोन बंद. दोन दिवस फोनवर भाव सांगून घसा बसला. होस्टिंग माझ्या नावावर होतं म्हणून वाचले. होस्टिंगच्या मदत केंद्रातल्या मुलीने फोनवर सांगितलं तसं फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, आणि साइट उघडली. त्याच संध्याकाळी प्रशासकाचा ईमेल बदलला. डोमेनही त्याच्याच नावावर निघालं. ते माझ्या नावावर करून घ्यायला पुढे तीन आठवडे गेले.

तेव्हापासून अपडेटच्या आधी बॅकअप घेते, तोही होस्टिंगवर न ठेवता घरच्या लॅपटॉपवर. सतरा प्लगइन होती, आता सहा आहेत. ऑनलाइन पैसे घ्यायची सोय मुद्दाम केली नाही. कलम कुरियरने पाठवलं तर वाटेतच मान टाकतं, आणि आमचं गिऱ्हाईक झाड हातात घेऊन, जोड तपासून मगच पैसे काढतं. त्यामुळे प्रत्येक पानाखाली फक्त 'फोन करा' एवढंच बटण आहे. यंदा जूनमध्ये भावपत्रक अकरा वेळा बदललं. त्यातलं एकदा आबांनी, स्वतः, चष्मा लावून.