मुलांना जॅझ ऐकवायचंय: ‘सोल’ की ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’?

मुलांची जॅझशी ओळख ॲनिमेशनपटातून करून द्यायची असेल, तर मी या दोनांतूनच निवड करायला सांगेन. दोन्ही सुंदर आहेत, पण त्यांतून कानावर पडणारं जॅझ अगदी वेगळं आहे.

‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ (२००९) घडतो १९२०च्या दशकातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, जॅझच्या जन्मगावीच. रँडी न्यूमनच्या गाण्यांत जॅझच्या जोडीला गॉस्पेल (चर्चमधलं भक्तिसंगीत) आणि झायडेको (त्याच भागातलं ॲकॉर्डियनवरचं नाचरं लोकसंगीत) हेही आहे. ट्रम्पेटवेड्या लुई ॲलिगेटरचं वादन टेरेन्स ब्लँचार्ड या कसलेल्या जॅझवादकाचं आहे. चाली चटकन ओठांवर येतात, पाय आपोआप ठेका धरतात. पण गाणी कथा पुढे नेण्यासाठी नीट बांधलेली आहेत. वादकाला ऐन वेळी काहीतरी सुचतं आणि तो त्यामागे जातो, ही जॅझमधली गंमत इथे फारशी हाती लागत नाही.

ती ‘सोल’मध्ये (२०२०) लागते. न्यूयॉर्कमधल्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या जो गार्डनरला सॅक्सोफोनवादक डोरोथिया विल्यम्सच्या चमूत वाजवून दाखवायची संधी मिळते. तो आधी चाचपडतो, मग सूर सापडतो, आणि वाजवता वाजवता त्याच्याभोवतीचा क्लबच विरून जातो. उपज म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगावंच लागत नाही. पियानो जॉन बॅटिस्टचा, सॅक्सोफोन टिया फुलरचा. जोच्या बोटांची हालचालही बॅटिस्टच्या वादनावरूनच रेखाटलेली आहे, म्हणून मुलांना त्या हातांकडे मुद्दाम बघायला सांगा.

मात्र ‘सोल’भर जॅझ नाही. आत्म्यांच्या दुनियेत ट्रेंट रेझ्नर आणि ॲटिकस रॉस यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे. तेही मला फार आवडतं, कारण त्यानंतर न्यूयॉर्कचा पियानो आणखी ऊबदार वाटतो. (रेझ्नर, रॉस आणि बॅटिस्ट या तिघांना मिळून ऑस्कर मिळालं.) पण कथाच मृत्यूपासून सुरू होते, त्यामुळे अगदी लहान मुलं कंटाळतील किंवा बावरतील.

तेव्हा मूल पाच-सहा वर्षांचं असेल, तर ‘प्रिन्सेस’ लावा. फक्त त्यातला जादूटोणा करणारा खलनायक थोडा भीतिदायक आहे, सोबत बसा. नऊ-दहाच्या पुढचं असेल, त्यातून एखादं वाद्य शिकत असेल, तर बेलाशक ‘सोल’. आणि दीड-दोन तास बसणं जमणारच नसेल, तर ‘द जंगल बुक’मधलं (१९६७) माकडांच्या राजाचं गाणं तेवढं दाखवा. लुई प्रिमा आणि फिल हॅरिस यांचे निरर्थक अक्षरांतले सवाल-जवाब मुलं लगेच उचलतात.