घोडेस्वारीसाठी पीआर एजन्सी: आठ महिन्यांचा अनुभव

पुण्याजवळ आमचा छोटा रायडिंग क्लब आहे. वर्षाला दोन शो जंपिंग (घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या) स्पर्धा भरवतो, सहा-सात मुलं राष्ट्रीय पातळीवर उतरतात. प्रसिद्धीचं काम आठ महिन्यांपूर्वी एका एजन्सीकडे सोपवलं, महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर. नाव घेत नाही.

त्यांची पहिली बातमी छापून आली ती 'शून्य गुण मिळूनही अव्वल' अशी! जंपिंगमध्ये अडथळ्याची दांडी पाडली की चार पेनल्टी बसतात, म्हणजे शून्य ही बिनचूक फेरी. डेस्कवरच्या बिचाऱ्याला हे कोण सांगणार? पत्रकात नुसतं 'झीरो' होतं. शिवाय आमच्या मुलीला 'जॉकी' केलेलं. शेवटी एका रविवारी मीच पानभर टिपण लिहिलं. रेस वेगळी, हे वेगळं. ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायच्या, त्याला पंच गुण देतात) टक्के जास्त तितकं चांगलं, जंपिंगमध्ये पेनल्टी कमी तितकं चांगलं. घोड्याचंही नाव छापा. ते पान प्रत्येक पत्रकाला जोडल्यापासून असले घोळ थांबले.

श्रेय द्यायचं तिथे देतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं सांघिक ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ नंतर थेट तेव्हाच आलं, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. एजन्सीची पोरं वार्ताहरांना फोन करताना हाच धागा धरायची, आणि समोरचा निदान ऐकून घ्यायचा. पूर्वी आमचे निकाल रात्री नऊला जायचे, तोवर पान लागलेलं असायचं. आता सहाच्या आत तीन फोटो, ओळींसकट. फोटोग्राफरला फ्लॅश बंद ठेवायला सांगणं, कुठे उभं राहायचं ते दाखवणं, हेही ते शिकले.

खरी कसोटी दुसऱ्या स्पर्धेत लागली. घोडा अडखळला, स्वार पडला, आणि तासाभरात 'घोड्याचा पाय मोडला' म्हणून व्हिडिओ सगळीकडे. एजन्सीचं म्हणणं, आत्ता गप्प राहा, सोमवारी निवेदन काढू, स्पॉन्सर बिथरतील. माझं डोकंच फिरलं. जुलै २०२४ मध्ये शार्लट दुजार्डिनसारखी ऑलिंपिक विजेती घोड्याला चाबूक मारतानाच्या एका जुन्या व्हिडिओपायी पॅरिसला मुकली. आमच्याकडे तसं काही घडलं नव्हतं, पण लोकांचा पहिला प्रश्न 'घोडा कसा आहे' हाच असणार. आमच्या डॉक्टरांनी घोडा सरळ रेषेत दुडक्या चालीनं पळवून पाहिला होता. गुडघ्याला खरचटलं होतं, लंगडत नव्हता. त्यांच्या चार ओळी आणि घोडा चारा खातानाचा व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी पाठवला. दोन वार्ताहरांचे फोन आले, दोघांनीही नीट छापलं.

महिन्याच्या अहवालाबद्दल काय सांगू! मागच्या महिन्यात म्हणे सत्तेचाळीस बातम्या. उघडून बघितलं तर बेचाळीस ठिकाणी तेच पत्रक, आमच्या गावाच्या नावातल्या त्याच चुकीसकट, आणि शेवटी 'जाहिरातमूल्य', म्हणजे तेवढी जागा जाहिरातीला घेतली असती तर पडले असते ते पैसे, लाखांत. वाचण्यासारख्या बातम्या पाचच.

तर महिन्याचा करार थांबवतोय. स्पर्धेच्या चार दिवसांपुरतंच त्यांना बोलावणार, तेही एका अटीवर: त्यांच्यातला तो एक मुलगा यायला हवा, जो पहिल्या दिवशी पांढरे बूट घालून तबेल्यात शिरला होता आणि तिसऱ्या महिन्यापासून गमबूट आणायला लागला.