एक मोठी मोटर की दोन लहान?
भोसरीतील एखाद्या कारखान्याच्या कन्व्हेयरला ३० किलोवॅटची एकच मोटर बसवावी की १५ किलोवॅटच्या दोन, असा प्रश्न आला, तर देखभालीच्या दृष्टीने एकच मोटर सरस ठरते, कारण तिथे दोन मोटरींत भार सारखा वाटण्याची कटकटच नसते. दोन असल्या तर एक बिघडल्यावरही हलक्या भारावर काम निभावते. मात्र त्या जुळ्या हव्यात. ५० हर्ट्झवरील चार पोलच्या (चार चुंबकीय ध्रुवांच्या) दोन मोटरींपैकी एकीच्या पाटीवर मिनिटाला १४४० आणि दुसरीच्या पाटीवर १४७० फेऱ्या असतील, तर एकाच ड्रमला जोडल्यावर दोघींना एकाच वेगाने फिरावे लागते, त्यामुळे दुसरी पहिलीच्या जवळपास दुप्पट भार ओढते, तापते आणि तिचाच ओव्हरलोड रिले (जादा भार आल्यास मोटर बंद करणारे उपकरण) आधी ट्रिप होतो. रिवाइंड केलेली, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळलेली मोटर नवीच्या जोडीला देणे म्हणूनच मला पटत नाही. ड्राइव्ह (मोटरीचा वेग व जोर नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावून एकीकडे वेग आणि दुसरीकडे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सोपवला, तर अडचण सुटते, खर्च मात्र वाढतो.